देशी मिल्कवीडची लागवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत आणि कॅनडात स्थायिक झालेल्या, घरामागे थोडीफार मोकळी जमीन असलेल्या मराठी बागप्रेमींना मिल्कवीडविषयी जे प्रश्न पडतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे लिहिताना एक आग्रह धरला आहे आणि तो आधीच सांगून टाकणे बरे: मिल्कवीड लावायचे असेल, तर ते आपल्या भागातल्या देशी जातीचेच लावावे. मोनार्क फुलपाखरांच्या कळवळ्याने का होईना, पण चुकीची जात लावली, तर ज्या जिवाला आधार द्यायचा त्यालाच ती बाधू शकते. ते कसे, हे पुढे सविस्तर येईल.

मिल्कवीड म्हणजे आपली रुईच का?

रुई नव्हे, पण रुईची जवळची नातेवाईक. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या आहेत. पान खुडताच ठिबकणारा पांढरा चीक, झुपक्यांनी येणारी पाच पाकळ्यांची जाडसर फुले आणि फळ तडकले की वाऱ्यावर तरंगत निघणारी रेशमी म्हातारी, या तीन खुणा रुई पाहिलेल्या माणसाला मिल्कवीडमध्येही लगेच ओळखू येतात. रुईच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव कॅलोट्रॉपिस, तर मिल्कवीडचे ॲस्क्लेपियास. हे दुसरे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ग्रीकांचा आरोग्यदेव ॲस्क्लेपिअस याच्यावरून ठेवले. एकट्या अमेरिकेत या प्रजातीच्या सत्तरहून अधिक देशी जाती आहेत. त्यांत गुडघाभर उंचीच्या आहेत तशा माणसाएवढ्या वाढणाऱ्याही आहेत, दलदलीत राहणाऱ्या आहेत तशा वाळवंटात तग धरणाऱ्याही आहेत.

इंग्रजी नावातल्या 'वीड' म्हणजे तण या शब्दाने या वनस्पतीचे पुष्कळ नुकसान केले आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ती कायद्याने उपद्रवी तणांच्या यादीत होती आणि त्या यादीतून तिचे नाव 2014 साली वगळण्यात आले.

मोनार्क फुलपाखराला मिल्कवीडच का लागते?

प्रौढ मोनार्क अनेक प्रकारच्या फुलांतला मकरंद पितो, पण त्याचा सुरवंट मिल्कवीडच्या पानांखेरीज दुसऱ्या कशावरही वाढू शकत नाही. म्हणून मादी मिल्कवीडचे पान शोधते, पायांनी त्याची चव तपासते आणि बहुधा पानाच्या खालच्या बाजूला एकेक अंडे घालते. तीन ते पाच दिवसांत अंड्यातून सुरवंट बाहेर पडतो. सुमारे दोन आठवडे तो अखंड खातो आणि त्या काळात त्याचे वजन जवळजवळ दोन हजार पटींनी वाढते. मग तो हिरवा, सोनेरी ठिपक्यांचा कोष करतो आणि आठवडा-दोन आठवड्यांनी त्यातून फुलपाखरू बाहेर येते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा हा सारा प्रवास साधारण महिन्याभरात संपतो.

मिल्कवीडच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. मोनार्कचा सुरवंट ती पचवून शरीरात साठवतो आणि पुढे फुलपाखरातही ती टिकून राहतात. एकदा मोनार्क खाऊन वांती झालेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. काळ्या रेघांचा भडक नारिंगी रंग ही त्या कडूपणाची उघड जाहिरात आहे.

मोनार्कची संख्या खरोखरच इतकी घटली आहे का?

होय, आणि ही घट मोजून पाहिलेली आहे. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडचे मोनार्क शरद ऋतूत दक्षिणेकडे निघतात आणि मध्य मेक्सिकोतील सुमारे 3,000 मीटर उंचीवरच्या ओयामेल वृक्षांच्या जंगलात हिवाळा काढतात. काहींचा हा प्रवास 4,500 किलोमीटरहून अधिक होतो. स्थानिक लोकांना ही जंगले ठाऊकच होती, परंतु बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता 1975 सालच्या आरंभी लागला. फुलपाखरे झाडांना इतकी दाटीने लटकलेली असतात की ती एकेक करून मोजता येत नाहीत, म्हणून त्यांनी व्यापलेल्या जंगलाचे क्षेत्र मोजतात. 1996-97 च्या हिवाळ्यात हे क्षेत्र सुमारे 18 हेक्टर होते. 2013-14 मध्ये ते 0.67 हेक्टरवर आले, 2023-24 मध्ये 0.9 हेक्टर भरले आणि पुढच्या वर्षी थोडे सावरून 1.79 हेक्टर झाले.

पश्चिमेकडचे मोनार्क कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत हिवाळा काढतात. 1980 च्या दशकात तेथे ते लाखोंच्या संख्येने येत असत. 2020 च्या गणनेत दोन हजारही भरले नाहीत. पुढच्याच वर्षी हा आकडा अडीच लाखांच्या जवळ गेला आणि 2024 मध्ये पुन्हा नऊ हजारांच्या आसपास घसरला. एखाद्या चांगल्या वर्षाने हुरळून जाऊ नये, हे या चढउतारांवरून समजते. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने डिसेंबर 2024 मध्ये मोनार्कला संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली संरक्षण देण्याचा प्रस्ताव मांडला.

कारणे अनेक आहेत. मेक्सिकोतील जंगलतोड, कीटकनाशके, दुष्काळ आणि बदलते हवामान ही त्यांपैकी काही. पण मिल्कवीडशी थेट जोडलेले कारण शेतातले आहे. 1996 पासून तणनाशकाला दाद न देणारे सोयाबीन आणि त्यामागोमाग तसाच मका अमेरिकेच्या मध्य-पश्चिम पट्ट्यात सर्वत्र पेरला जाऊ लागला. पूर्वी पिकांच्या ओळींत आणि बांधांवर तग धरून असलेले मिल्कवीड ग्लायफोसेट या तणनाशकाच्या फवारणीने तेथून जवळजवळ पुसले गेले. एकेकाळी मोनार्कच्या कित्येक पिढ्या त्याच शेतांत वाढत होत्या.

माझ्या भागासाठी कोणती जात योग्य?

याचे उत्तर तीन गोष्टींवर ठरते: आपण कोठे राहता, जमिनीत पाणी किती टिकते आणि जागा किती आहे. रोपवाटिकेत इंग्रजी नावे सरमिसळ वापरतात, म्हणून शास्त्रीय नाव पाहूनच रोप घ्यावे.

पूर्व आणि मध्य-पश्चिम भागांत, तसेच दक्षिण कॅनडात तीन जाती सहज मिळतात. पहिली कॉमन मिल्कवीड, म्हणजे ॲस्क्लेपियास सिरियाका. हिची पाने रुंद आणि फुले फिकट गुलाबी, अतिशय सुगंधी असतात. मोनार्कच्या माद्यांची हिच्यावर मोठी मर्जी असते, पण ही जात जमिनीखालच्या खोडांनी दूरवर पसरते, त्यामुळे आखीवरेखीव वाफ्यात ती मावत नाही. कुंपणालगत किंवा अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात तिला मोकळे सोडावे. दुसरी स्वँप मिल्कवीड, ॲस्क्लेपियास इन्कार्नाटा. नावात दलदल असली तरी साध्या बागेत पाणी वेळेवर मिळाले की ती उत्तम वाढते. चिकणमाती तिला चालते आणि ती एका जागी झुडपासारखी राहते. प्रथमच लावणाऱ्याने या जातीपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिसरी बटरफ्लाय वीड, ॲस्क्लेपियास ट्यूबरोसा. हिची फुले झळझळीत नारिंगी असतात, उंची दीड-दोन फुटांच्या आसपास राहते आणि विशेष म्हणजे हिच्यात दुधी चीक नसतो. हिला पाण्याचा निचरा होणारी, थोडी रेताड जमीन लागते. पाणी साचले की मूळ कुजते.

टेक्सास आणि ओक्लाहोमा हा प्रदेश मोनार्कच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण मेक्सिकोहून वसंतात परतणाऱ्या माद्या आपली पहिली अंडी येथेच घालतात. तेथे ॲस्क्लेपियास विरिडिस आणि ॲस्क्लेपियास ॲस्पेरुला या लवकर उगवणाऱ्या जाती लावाव्यात. पश्चिमेकडील राज्यांत मोठ्या गुलाबी फुलांची ॲस्क्लेपियास स्पेसिओसा आणि अरुंद पानांची ॲस्क्लेपियास फॅसिक्युलॅरिस या भरवशाच्या जाती आहेत. नैर्ऋत्येकडच्या वाळवंटी भागात जवळजवळ पर्णहीन अशी ॲस्क्लेपियास सबुलाटा तग धरते, तर फ्लोरिडा व आग्नेयेकडच्या ओलसर जागी पांढऱ्या फुलांची ॲस्क्लेपियास पेरेनिस शोभते.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत, मोनार्कच्या हिवाळी मुक्कामापासून सुमारे आठ किलोमीटरच्या आत राहत असाल, तर मिल्कवीड मुळीच लावू नये, असा झर्सीस सोसायटी या कीटकसंवर्धनाचे काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला आहे. त्या पट्ट्यात मिल्कवीड मुळातच फारसे नव्हते आणि विश्रांतीच्या काळात ते समोर आले, तर फुलपाखरे अवेळी अंडी घालू लागतात. तेथील रहिवाशांनी हिवाळ्यात फुलणाऱ्या देशी फुलझाडांवर भर द्यावा.

दुकानात मिळणारे लाल-पिवळ्या फुलांचे मिल्कवीड चालेल का? ते तर वर्षभर फुलते.

ही ॲस्क्लेपियास कुरासाविका. महाराष्ट्रात ही हळदीकुंकू या गोड नावाने बागेत लावली जाते, त्यामुळे परदेशात ती दिसली की माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटते आणि पटकन उचलली जाते. मुळात ती उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली आहे. ती भारतातली नाही आणि अमेरिकेच्या बहुतेक राज्यांतलीही नाही. बियांना थंडी द्यावी लागत नाही, वाढ झपाट्याने होते आणि फुले पहिल्याच वर्षी येतात, म्हणून रोपवाटिकांना ती परवडते.

तिचा दोष तिच्या वर्षभर हिरवे राहण्याच्या गुणातच आहे. देशी जाती शरद ऋतूत वाळतात आणि जमिनीखाली झोपी जातात. मोनार्कच्या अंगावर ऑफ्रिओसिस्टिस इलेक्ट्रोस्किरा नावाचा सूक्ष्म परजीवी वाढतो. बाधित फुलपाखरू पानावर बसले की त्याच्या अंगावरचे बीजाणू पानावर झडतात आणि पान खाणाऱ्या सुरवंटाच्या पोटात जातात. बाधा तीव्र असेल तर फुलपाखरू कोषातून धड बाहेर पडू शकत नाही, किंवा चुरगळलेल्या पंखांनी जमिनीवर पडून मरते. देशी मिल्कवीड हिवाळ्यात वाळते तेव्हा त्याच्यावरचे बीजाणूही त्याच्यासोबत जातात आणि वसंतात स्वच्छ पालवी फुटते. शिवाय दूरच्या प्रवासात आजारी फुलपाखरे मागे पडतात आणि निरोगी पुढे जातात. फ्लोरिडा, टेक्सासचा किनारा, दक्षिण कॅलिफोर्निया अशा उबदार भागांत मात्र हळदीकुंकू वर्षभर हिरवे राहते, बीजाणू पानांवर साठत जातात आणि फुलपाखरे स्थलांतर सोडून तेथेच पिल्लावळ वाढवू लागतात. निसर्गाने घातलेली दोन्ही गाळणी त्यामुळे निकामी होतात. कॅलिफोर्नियातील काही काउंटींनी या जातीच्या विक्रीवर बंदी घातली आहे, ती याच कारणाने.

ती आपल्या बागेत आधीपासूनच असेल तर टप्प्याटप्प्याने काढून देशी जात लावावी. तोपर्यंत निदान ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत ती जमिनीपासून 15 सेंटीमीटरवर छाटत राहावी. बर्फ पडणाऱ्या भागांत ती थंडीने आपोआप मरते, त्यामुळे तेथे धोका कमी आहे. तरीही तेवढ्याच जागेत देशी रोप लावता येत असताना ती निवडण्याचे कारण मला दिसत नाही.

बियांपासून रोपे कशी तयार करावीत?

बहुतेक देशी जातींच्या बियांना उगवण्यापूर्वी ओलसर थंडीचा काळ लागतो. बी शरदात जमिनीवर पडते. ते तेव्हाच उगवले तर कोवळे रोप बर्फात मरेल, म्हणून थंडी सरल्याची खूण मिळेपर्यंत ते थांबून राहते. नवख्या माणसाचे बी उगवत नाही, त्याचे कारण बहुधा हा थंडीचा टप्पा गाळला जाणे हेच असते.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे शरदाच्या अखेरीस, जमीन चांगली गार झाल्यावर, बी थेट वाफ्यात पेरावे. माती मोकळी करून बी अर्धा ते एक सेंटीमीटर खोल घालावे, हाताने दाबावे आणि जागेवर खूण करून ठेवावी. बाकीचे काम हिवाळा करतो. पक्षी, उंदीर आणि पावसाचे लोट यांमुळे काही बी वाया जाते, म्हणून थोडे सढळ हाताने पेरावे.

दुसरा मार्ग फ्रिजचा. ओलसर वाळूत किंवा पिळून घेतलेल्या ओल्या टिपकागदात बी गुंडाळून बंद पिशवीत ठेवावे, पिशवीवर जातीचे नाव आणि तारीख लिहावी आणि ती फ्रिजमध्ये साधारण 4 अंश सेल्सियसला किमान महिनाभर, शक्य असल्यास सहा ते आठ आठवडे ठेवावी. गोठवणाऱ्या कप्प्यात ठेवू नये. दर आठवड्याला उघडून पाहावे. बुरशी दिसली तर बी धुऊन नवा कागद घ्यावा. नंतर हे बी खोल कुंडीत पेरून उबदार, उजेडाच्या जागी ठेवले की दोन आठवड्यांच्या आसपास अंकुर दिसू लागतात. मिल्कवीडचे मूळ लवकर खोल जाते, विशेषतः ट्यूबरोसाचे सोटमूळ, त्यामुळे रोपे लहान असतानाच कायमच्या जागी न्यावीत. दिवसाचे किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी.

बी स्वतः गोळा करायचे असेल तर शेंग पक्व झाल्याची खात्री करावी. शिवणीवर हलका दाब देताच शेंग उघडली आणि आतले बी तपकिरी असले, तर ते तयार आहे. पांढरे असले तर शेंग अवेळी तोडली गेली असे समजावे. शेंग पूर्ण तडकण्याआधीच बी काढले, तर म्हातारी घरभर उडत नाही.

रोपवाटिकेतून तयार रोप घेताना काय विचारावे?

रोपावर निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशक वापरले आहे का, हे अवश्य विचारावे. ही द्रव्ये फवाऱ्यासारखी नुसती पानावर राहत नाहीत, तर रोपाच्या सर्वांगात, पानांत आणि मकरंदातही भिनतात. असे रोप लावले आणि त्यावर मोनार्कने अंडी घातली, तर सुरवंट पहिल्याच घासांत मरू शकतात. विक्रेत्याला उत्तर देता आले नाही, तर रोप घेऊ नये. देशी वनस्पतींच्या खास रोपवाटिका आणि स्थानिक वनस्पतीप्रेमी मंडळांच्या वार्षिक विक्रीत अशी शंका सहसा उरत नाही. पानांवर मावा किंवा कुरतडल्याच्या खुणा असतील तर नाक मुरडू नये; ते रोप विषमुक्त असल्याचा तो चांगला संकेत आहे.

रोप लावले, पण पहिल्या वर्षी फूलच आले नाही. काही चुकले का?

काहीच चुकले नाही. देशी मिल्कवीड पहिले वर्ष मुळे रुजवण्यात घालवते आणि बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी फुलते. दुसरी गोष्ट म्हणजे वसंतात ते इतर झाडांच्या मानाने फार उशिरा उगवते. एप्रिलअखेर उजाड जागा पाहून अनेकजण रोप मेले असे समजतात आणि तेथे दुसरे काही लावण्यासाठी जमीन खणतात. खुणेची काठी रोवून ठेवावी आणि मे संपेपर्यंत धीर धरावा.

बाल्कनीतल्या कुंडीत जमेल का?

जमेल. कुंडी निदान 30 सेंटीमीटर खोल असावी आणि तिच्या तळाला भोके असावीत. स्वँप मिल्कवीड कुंडीत समाधानाने राहते, मात्र उन्हाळ्यात तिची माती कोरडी पडू देऊ नये. कडक थंडीच्या भागात कुंडीतील मुळे गोठतात, म्हणून कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकवून भोवती वाळलेला पाला किंवा गोणपाट गुंडाळावे.

पानांवर आणि कळ्यांवर पिवळ्या माव्याचा थर आला आहे. औषध मारावे का?

मारू नये. हा कण्हेरीवरचा मावा, ॲफिस नेरिआय. तो मूळचा भूमध्य सागराच्या प्रदेशातला असून त्याच्या माद्या नराविनाच पिल्ले घालतात, त्यामुळे तो पाहता पाहता वाढतो. दिसायला किळसवाणा वाटला तरी मोठ्या रोपाला तो सहसा मारत नाही. रोप कोवळे असेल किंवा मावा फारच दाटला असेल, तर आधी पान उलटून मोनार्कची अंडी आणि सुरवंट आहेत का ते पाहावे, मग बोटांनी चिरडून किंवा पाण्याच्या जोरदार धारेने मावा काढावा. साबणाचे पाणी आणि निंबोळी तेल 'सेंद्रिय' म्हणून सुरक्षित वाटते, पण जे माव्याला मारते ते सुरवंटालाही मारते. ढालकिडे आणि इतर शिकारी कीटक थोड्याच दिवसांत पोहोचतात. त्यांना यायला वेळ द्यावा.

नारिंगी-काळे ढेकणासारखे कीटक आणि लाल भुंगेरेही दिसतात. तेही चालू द्यावेत का?

चालू द्यावेत. मिल्कवीड एकट्या मोनार्कचे घर नाही. नारिंगी-काळे मिल्कवीड बग शेंगेतील बियांचा रस शोषतात, लाल भुंगेऱ्याच्या अळ्या मुळांवर जगतात आणि केसाळ टसॉक पतंगाचे सुरवंट घोळक्याने पाने खरवडतात. दक्षिणेकडे क्वीन नावाचे मोनार्कचे भाऊबंद फुलपाखरूही हिच्यावरच वाढते. यांतल्या अनेकांचे रंग लाल, नारिंगी व काळे आहेत, कारण त्यांनीही तेच विष पचवून तीच जाहिरात अंगावर घेतली आहे. बी हवे असेल तर दोन-चार शेंगांवर जाळीची पिशवी बांधावी, म्हणजे सर्वांचेच भागते.

मोनार्कची अंडी दिसली होती, पण सुरवंट नाहीसे झाले. त्यांना घरात आणून वाढवावे का?

अंडी दिसणे आणि चार दिवसांनी पान रिकामे असणे हा अनुभव मनाला लागतो, हे मी समजू शकतो. परंतु निसर्गात मोनार्कच्या शंभर अंड्यांपैकी दहासुद्धा फुलपाखरू होईपर्यंत टिकत नाहीत. कोळी, मुंग्या, गांधीलमाश्या आणि सुरवंटाच्या अंगावर अंडी घालणाऱ्या टॅकिनिड माश्या त्यांचा फडशा पाडतात, आणि त्या कीटकांवर पुन्हा पक्ष्यांची पिल्ले वाढतात.

एखादा-दुसरा सुरवंट मुलांना दाखवण्यासाठी, ताजी पाने देऊन, स्वच्छ डब्यात वाढवणे आणि फुलपाखरू बाहेर पडताच सोडून देणे यांत मोठा दोष नाही. कॅलिफोर्नियात मात्र त्यासाठीही परवाना लागतो. शेकडो सुरवंट एकत्र वाढवणे किंवा विकत आणून सोडणे हे टाळावे. दाटीत परजीवी झपाट्याने पसरतो, आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की पैदास केंद्रातील, तसेच शरदात घरात वाढवलेले मोनार्क दक्षिणेची दिशा धरण्यात कमी पडतात. सुरवंट वाचवण्याचा अधिक खात्रीचा उपाय म्हणजे मिल्कवीडची संख्या वाढवणे आणि जवळपास उंच गवत, फांद्या, झुडपे राहू देणे, कारण कोष करण्यासाठी सुरवंट बहुधा मिल्कवीड सोडून दूर जातो.

मधमाश्या आणि इतर परागवाहकांना याचा काय उपयोग?

पुष्कळ. मिल्कवीडची फुले मकरंदाने भरलेली असतात आणि भुंगे, मधमाश्या, गांधीलमाश्या, पतंग, फुलपाखरे, गुंजनपक्षी अशा सर्वांची त्यांवर वर्दळ असते. पण या फुलाची रचना इतकी वेगळी आहे की ती एकदा भिंगातून पाहावीच.

बहुतेक फुलांत पराग धुळीसारखा सुटा असतो. मिल्कवीडमध्ये, जसे रुईत आणि ऑर्किडमध्ये, तो मेणचट परागपुंजांत बांधलेला असतो. दोन परागपुंज एका बारीक दांडीने जोडलेले असतात आणि दोहोंच्या मध्ये चिमट्यासारखा एक काळा ठिपका असतो. मकरंद पिताना कीटकाचा पाय फुलावरच्या अरुंद फटीत घसरतो, तो ओढून काढताना चिमटा पायाला अडकतो आणि परागपुंजांची जोडी सोबत निघते. पुढच्या फुलावर तोच पाय पुन्हा फटीत गेला आणि परागपुंज नेमक्या बाजूने आत बसला, तरच फलन होते. कॉमन मिल्कवीडमध्ये तर स्वतःच्याच परागाने फळ बहुधा धरत नाही, दुसऱ्या रोपाचा पराग लागतो. म्हणूनच डझनावारी फुलांच्या एका झुपक्यातून जेमतेम दोन-चार शेंगा धरतात. दुबळे कीटक कधीकधी त्या फटीत अडकून मरतात; मोठे भुंगे मात्र आरामात पाय सोडवतात.

याच फुलांच्या अभ्यासातून जीवशास्त्राला एक मोठी देणगी मिळाली. रॉबर्ट ब्राउन हे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑर्किड आणि मिल्कवीडच्या कुळातील फुलांचे फलन तपासत होते आणि त्याच कामावरच्या 1831 च्या निबंधात त्यांनी पेशीतील केंद्रकाला 'न्यूक्लियस' हे नाव दिले.

मिल्कवीड विषारी आहे ना? घरात लहान मुले आणि कुत्रा आहे.

विषारी आहे, आणि हे मोकळेपणाने सांगायला हवे. पाने कडू असल्याने मुले किंवा पाळीव प्राणी ती सहसा पोटभर खात नाहीत, तरीही मुलांना ओळख करून द्यावी आणि कुत्रा काहीही चघळणारा असेल तर रोपे कुंपणाच्या आत ठेवावीत. खरी काळजी घ्यावी लागते ती मेंढ्या, गुरे आणि घोडे पाळणाऱ्यांनी, कारण वाळलेल्या चाऱ्यात मिसळलेल्या मिल्कवीडमध्येही विष टिकून राहते.

चिकाबाबत रुईचा जो धाक आपल्याला लहानपणी घातला गेला, तोच येथे लागू पडतो. चीक डोळ्यात गेला तर बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला इजा होऊन दृष्टी धुरकट होते. छाटणी करताना हातमोजे घालावेत, काम संपताच हात धुवावेत आणि मध्येच डोळा चोळू नये. चीक गेलाच, तर भरपूर पाण्याने डोळा धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

मिल्कवीडसारखीच दिसणारी एखादी वनस्पती टाळावी का?

होय. युरोपातून आलेली स्वॅलो-वर्ट ही वेल ईशान्य अमेरिकेत आणि ओंटारिओत कुंपणांवर माजली आहे. तीही याच कुळातली असल्याने मोनार्कच्या माद्या फसून तिच्यावर अंडी घालतात, पण सुरवंट तिच्यावर जगू शकत नाहीत आणि काही दिवसांतच मरतात. गडद जांभळी किंवा फिकट तांबूस, अगदी बारीक फुले आणि समोरासमोर येणारी चकचकीत पाने ही तिची ओळख. ती दिसल्यास शेंगा धरण्याआधी मुळासकट खणून काढावी.

एकूण किती रोपे लावावीत, आणि सोबत काय असावे?

फुलपाखरांसाठी बागांची नोंदणी करणारी मोनार्क वॉच ही संस्था कॅन्सस विद्यापीठात 1992 पासून काम करते. दोन किंवा अधिक जातींची मिळून निदान दहा रोपे असावीत, असे ती सुचवते. एक-दोन रोपांवर चार सुरवंट आले की पाने संपतात. पण जागाच नसेल तर दोन रोपेही लावावीत. अंडी घालायला मादी त्या दोनांनाही शोधून काढते.

केवळ मिल्कवीडने भागत नाही. दक्षिणेकडे निघालेल्या मोनार्कना शरदातला मकरंद हवा असतो, कारण त्यावरच चरबी साठवून ते हिवाळा काढतात. उन्हाळ्यातल्या पिढ्या दोन ते सहा आठवडे जगतात, ही शेवटची पिढी मात्र आठ-नऊ महिने. त्यांच्यासाठी गोल्डनरॉड, देशी ॲस्टर, जो-पाय वीड आणि लायट्रिस लावावेत. गोल्डनरॉडमुळे शिंका येतात हा समज चुकीचा आहे; तो त्याच दिवसांत फुलणाऱ्या रॅगवीडचा पराग असतो.

कॉमन मिल्कवीड शेजाऱ्यांच्या हिरवळीत शिरू लागले तर?

नको असलेले कोंब वसंतात कोवळे असतानाच उपटावेत आणि शेंगा तडकण्यापूर्वी काढून घ्याव्यात. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवले, तर पुष्कळदा तेच बी मागायला येतात. त्या शेंगांनाही इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात जावातून येणारा कपोक कापूस बंद झाला, तेव्हा जीवरक्षक जाकिटांत भरण्यासाठी मिल्कवीडची म्हातारी वापरली गेली, आणि अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी रस्त्याकडेच्या शेंगा पोती भरभरून गोळा केल्या.

भारतभेटीला जाताना हे बी गावी न्यावे का?

कृपया नेऊ नये. परदेशातील बी परवानगीशिवाय नेणे नियमांत बसत नाही, आणि त्याची गरजही नाही. तेथे प्लेन टायगर आणि स्ट्राइप्ड टायगर ही मोनार्कचीच भावंडे आहेत आणि त्यांच्यासाठी याच कुळातील देशी वनस्पती तेथे पूर्वीपासून आहेत. प्लेन टायगरचे सुरवंट रुईवर वाढतात. गावच्या घराच्या कुंपणालगतची रुई कोणी साफसफाईच्या नावाखाली तोडायला निघाले, तर तेवढी ती राहू द्यायला सांगावे.